वर्क-स्टीलिंग शेड्यूलरमध्ये टास्कची रांग ओसंडते तेव्हा काय करायचं

शेड्यूलर म्हणजे टास्क, अर्थात कामाचे छोटे तुकडे, थ्रेडना वाटून देणारा कोड. प्रत्येक वर्कर थ्रेडला स्वतःची एक छोटी रांग द्यायची, आणि ज्याची रांग रिकामी होईल त्याने दुसऱ्याच्या रांगेतून काम उचलून आणायचं. वर्क-स्टीलिंग म्हणजे एवढंच. एका सामाईक रांगेवर सगळ्यांची झोंबाझोंबी होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. पण रांग छोटी आहे म्हणजे ती कधीतरी भरणार, आणि त्या क्षणी नवीन आलेलं टास्क कुठे ठेवायचं याचं उत्तर कोडमध्ये आधीच लिहिलेलं असावं लागतं. नवीन मंडळी बहुतेक वेळा टास्क टाकण्याचा आणि काढण्याचा वेगवान मार्ग मन लावून लिहितात आणि ओव्हरफ्लोचा मार्ग शेवटी घाईत उरकतात. तो मार्ग क्वचित चालतो, म्हणून त्यातली चूक महिनोन्महिने लपून राहते आणि नेमकी सर्वात जास्त लोड असताना वर येते.

शेड्यूलर स्वतः लिहिणाऱ्यांसाठी आणि तयार शेड्यूलरमध्ये रांगा का तुंबतात हे शोधणाऱ्यांसाठी हा लेख आहे. थ्रेड, लॉक आणि अ‍ॅटॉमिक व्हेरिएबल यांची तोंडओळख आहे असं धरलं आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- शेड्यूलरच्या रांगेचा सोर्स कोड, निदान टास्क टाकणं, काढणं आणि चोरणं ही तीन फंक्शन्स
- रांगेचा आकार बदलता येईल अशी बिल्ड सेटिंग
- प्रत्येक वर्करसाठी वेगळे काउंटर
- थ्रेड सॅनिटायझर, म्हणजे थ्रेडमधल्या डेटा रेस पकडणारं साधन. रस्ट भाषेत काम असेल तर लूमसुद्धा; ते थ्रेड चालण्याचे वेगवेगळे क्रम तपासून पाहतं
- आर्म प्रोसेसरचं एखादं मशीन. फक्त एक्स-८६ (इंटेल, एएमडी) प्रोसेसरवर चाचणी का पुरत नाही ते पायरी ९ मध्ये येईल.

१. आपली रांग कोणत्या जातीची आहे ते ओळखा

दोन जाती आहेत. पहिली ठरावीक आकाराची, गोलाकार फिरणारी. गो भाषेच्या शेड्यूलरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची स्थानिक रांग २५६ जागांची असते. रस्टच्या टोकिओ लायब्ररीमध्येही साधारणपणे २५६च. ही भरली की जास्तीचं काम सामाईक ग्लोबल रांगेत जातं.

दुसरी जात गरजेनुसार वाढणारी. डेव्हिड चेस आणि योसी लेव्ह यांनी २००५ मध्ये मांडलेली दुतोंडी रांग या प्रकारची: मालक एका टोकाला टाकतो आणि तिथूनच काढतो, चोर दुसऱ्या टोकाने नेतात, आणि जागा संपली की दुप्पट आकाराचा नवा अ‍ॅरे घेतला जातो. रस्टमधली रेयॉन लायब्ररी अशाच रांगेवर चालते. जावाच्या फोर्कजॉइनपूलची रांगही वाढती आहे, पण तिलाही टोक आहे: जावा ८ मध्ये एका रांगेची कमाल मर्यादा ६,७१,०८,८६४ जागा होती, त्यापुढे टास्क नाकारल्याचं एक्सेप्शन येतं.

वाढती रांग असली म्हणजे ओव्हरफ्लोची काळजी मिटली, हा समज चुकीचा आहे. दुखणं फक्त जागा बदलतं. पॉइंटर ८ बाइटचा असला तरी टास्क स्वतः १२८ बाइटचं असेल, तर १० लाख साचलेली टास्क म्हणजे १२८ एमबी, आणि तेही कुणी ‘रांग भरली’ असं एकदाही न सांगता.

२. काहीही बदलण्याआधी मोजा

रांग २५६ वरून ४०९६ करून पाहू, हा पहिला मोह होतो. थांबा. आधी प्रत्येक वर्करसाठी हे आकडे गोळा करा: किती टास्क टाकली, किती स्वतः काढली, चोरीचे प्रयत्न किती, यशस्वी चोऱ्या किती, ओव्हरफ्लो किती वेळा झाला, आणि स्थानिक रांगेची आतापर्यंतची कमाल लांबी. शिवाय ग्लोबल रांगेची लांबी दर सेकंदाला एकदा. गोमध्ये शेड्यूलर ट्रेस चालू केला की ग्लोबल रांगेची आणि प्रत्येक स्थानिक रांगेची लांबी ठरावीक अंतराने आयती छापून मिळते.

काउंटर साधे, प्रत्येक वर्करचे वेगळे आणि वेगळ्या कॅश लाइनवर ठेवा. कॅश लाइन म्हणजे प्रोसेसर मेमरीतून एका वेळी कॅशमध्ये उचलतो तो तुकडा; ती बहुतेक ठिकाणी ६४ बाइटची असते, काही आर्म प्रोसेसरवर १२८ ची. सगळ्यांचे काउंटर एकाच अ‍ॅरेत चिकटून ठेवले, तर मोजण्यामुळेच प्रोग्राम मंदावतो आणि तुम्ही भलत्याच दुखण्यावर औषध शोधत बसता.

आकडे असे वाचा:

- एकाच वर्करची रांग भरलेली, बाकीच्या रिकाम्या, चोरीचे प्रयत्नही कमी: झोपलेल्या वर्करना कुणी उठवत नाहीये. पायरी ७ कडे जा.
- एकाची भरलेली, चोरीचे प्रयत्न भरपूर पण यश कमी: सगळे एकाच रांगेवर तुटून पडत आहेत. चोर कुणाकडे जाणार हे यादृच्छिक निवडलं जातंय का ते पाहा. सगळे शून्य क्रमांकापासून सुरुवात करत असतील तर हेच होणार.
- सगळ्यांच्या भरलेल्या, ग्लोबल रांग सतत वाढती: काम येण्याचा वेग उरकण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे. इथे रांगेच्या आकाराशी खेळून काहीच साधत नाही.
- ओव्हरफ्लो मधूनमधून, ग्लोबल रांग लगेच रिकामी होते: हे निरोगी लक्षण आहे. हात लावू नका.

३. काम निर्माण होण्याची पद्धत तपासा

ओव्हरफ्लोचं सगळ्यात मोठं कारण रांगेत सापडत नाही, टास्क तयार करणाऱ्या कोडमध्ये सापडतं.

समजा १० लाख घटकांच्या अ‍ॅरेवर काम करायचं आहे आणि एकेका टास्कला १००० घटक द्यायचे आहेत, म्हणजे १००० टास्क. एका साध्या लूपमध्ये ती सगळी टाकली, तर मालकाच्या रांगेत एकापाठोपाठ एक १००० नोंदी येतात. २५६ ची रांग काही मायक्रोसेकंदांत भरते आणि चोरांना जाग येण्याआधीच ओव्हरफ्लो सुरू होतो. तेच काम अर्ध्यात तोडत नेलं, म्हणजे उजवा अर्धा भाग रांगेत टाकायचा आणि डावा स्वतः पुढे तोडत राहायचं, तर १००० तुकड्यांपर्यंत पोहोचायला साधारण १० पातळ्या लागतात आणि रांगेत एका वेळी जेमतेम १० टास्क असतात. काम तेवढंच, टास्कही जवळपास तेवढीच, पण रांग शंभर पटीने लहान. वरून आणखी एक फायदा: सर्वात जुनं टास्क सर्वात मोठं असतं आणि चोर जुन्याच टोकाने नेतो, त्यामुळे एका चोरीत त्याला बराच वेळ पुरेल एवढं काम मिळतं.

तुकडा किती बारीक करायचा? टास्क टाकणं-काढणं यात दहा-वीस ते काहीशे नॅनोसेकंद जातात, त्यामुळे एका टास्कमध्ये निदान काही दहा मायक्रोसेकंदांचं खरं काम असू द्या.

दुसरं कारण: टास्कच्या आत थ्रेड अडकून राहणं, म्हणजे फाइल वाचणं, नेटवर्कची वाट पाहणं, दुसऱ्याच्या लॉकसाठी थांबणं. असं काम वेगळ्या थ्रेड पूलवर हलवा. तिसरं, स्वतःलाच पुन्हा रांगेत टाकणारी टास्क. ‘अजून तयार नाही, नंतर बघू’ म्हणत ती फिरत राहतात आणि रांगेतल्या जागा खातात. त्यांना घटना घडल्यावरच जागं करा.

४. जास्तीच्या कामाची वाट ठरवा

एवढं करूनही रांग भरणारच. मग चार वाटा आहेत.

अर्धी रांग ग्लोबल रांगेत हलवणं. सर्व्हर, असिंक (वाट पाहताना थ्रेड अडवून न ठेवणारी) टास्क आणि संमिश्र कामासाठी हीच वाट बरी; पुढच्या पायरीत ती सविस्तर आहे.

रांग वाढवणं. तोडत जाणाऱ्या गणनेसाठी योग्य, कारण तिथे रांगेची लांबी मुळातच मर्यादित असते.

नवं टास्क तिथल्या तिथे चालवणं. मेमरी वाढत नाही, कॅश गरम राहते, म्हणजे लागणारा डेटा कॅशमध्येच असतो. पण दोन अटी पाळाव्याच लागतात. टास्क टाकणाऱ्याने त्या क्षणी कुठलाही लॉक धरलेला नसावा, कारण आतलं टास्क तोच लॉक मागू लागलं तर थ्रेड स्वतःच्याच गळ्यात अडकतो. आणि किती पातळ्या खोल गेलो हे मोजायला हवं, नाहीतर ओव्हरफ्लो रांगेतून स्टॅकमध्ये जातो.

नाकारणं किंवा थांबवणं. हे फक्त बाहेरून काम आणणाऱ्या थ्रेडसाठी. वर्कर थ्रेडला स्वतःच्याच पूलमध्ये जागा होईपर्यंत कधीही थांबवू नका. सगळे वर्कर असे थांबले तर रांग रिकामी करायला कुणीच उरत नाही आणि पूर्ण प्रोग्राम गोठतो. नवख्या शेड्यूलरमधली ही सर्वात महागडी चूक आहे, आणि ती कमी लोडवर कधीच दिसत नाही.

५. अर्धी रांग हलवण्याचा कोड नीट लिहा

रांगेला दोन निर्देशांक असतात: नवं टास्क जिथे ठेवायचं ती शेपूट, आणि सर्वात जुनं टास्क जिथे आहे ते डोकं. शेपूट फक्त मालक बदलतो. डोकं मालकही बदलतो आणि चोरही. दोन्ही चिन्हविरहित पूर्णांक ठेवा, ते वाढतच जाऊ द्या, आणि जागा काढताना आकार वजा एकचा मास्क लावा, म्हणजे त्या आकड्याशी बिटवाइज अँड करा. म्हणून आकार दोनाचा घात असावा. क्रम असा:

१. शेपूट वाचा, डोकं अ‍ॅक्वायर ऑर्डरिंगने वाचा. (रिलीजने लिहिलेलं अ‍ॅक्वायरने वाचलं, की त्याआधी लिहिलेलं सगळं वाचणाऱ्याला दिसतं.) शेपूट वजा डोकं हा फरक आकारापेक्षा कमी असेल तर जागा आहे. टास्क लिहा, शेपूट रिलीज ऑर्डरिंगने पुढे करा आणि परता.

२. जागा नसेल तर डोक्याकडची, म्हणजे सर्वात जुनी, १२८ टास्क स्टॅकवरच्या एका छोट्या अ‍ॅरेत उतरवून घ्या.

३. कम्पेअर-अँड-स्वॅपने, म्हणजे मूल्य मघाशी वाचलेलंच असेल तरच ते बदलणाऱ्या अ‍ॅटॉमिक क्रियेने, डोकं १२८ ने पुढे सरकवा. हे यशस्वी झालं तरच ती टास्क तुमची.

४. अयशस्वी झालं, तर मधल्या वेळात चोर येऊन गेला. उतरवलेलं टाकून द्या आणि पहिल्यापासून सुरू करा. आता जागा झालेली असते.

५. नवं टास्क १२९ वं म्हणून त्या १२८ च्या मागे जोडा. साखळी लॉकच्या बाहेरच विणा.

६. ग्लोबल रांगेचा लॉक घ्या, साखळी एका झटक्यात शेवटाला जोडा, संख्या वाढवा, लॉक सोडा.

अर्धीच का? एकच टास्क हलवलं तर रांग भरलेलीच राहते आणि पुढच्या प्रत्येक टास्कला ग्लोबल लॉक घ्यावा लागतो. ज्या सामाईक रांगेपासून पळालो तिथेच परत येतो. अर्धी हलवली की पुढची १२८ टास्क लॉकशिवाय जातात. आणि सगळी हलवली तर मालक स्वतःच उपाशी राहून लगेच ग्लोबल रांगेकडे हात पसरतो.

इथले सापळे नीट लक्षात ठेवा. ‘डोकं शेपटापेक्षा लहान आहे का’ अशी तुलना कधीही करू नका. ३२ बिटांचा निर्देशांक ४,२९,४९,६७,२९६ वर गुंडाळून शून्यावर येतो आणि तुलना उलटी पडते. फरक काढलात तर गुंडाळल्यावरही उत्तर बरोबर येतं. निर्देशांक १६ बिटांचे ठेवू नका: ६५,५३६ टास्कनंतर तोच आकडा परत येतो, आणि मध्येच झोपलेला चोर उठून जुन्या आकड्यावर यशस्वी कम्पेअर-अँड-स्वॅप करू शकतो. एकच टास्क दोनदा चालतं ते असं.

टास्क उतरवणं आणि डोकं सरकवणं यांचा क्रम मालकाच्या बाबतीत उलटा असला तरी चालतो, कारण जागांवर लिहिणारा तो एकटाच. चोराने मात्र आधी उतरवायचं आणि मगच डोकं सरकवायचं. नाहीतर मधल्या क्षणी मालक त्या जागेवर नवं टास्क लिहून टाकेल. टोकिओने इथे वेगळा मार्ग घेतला आहे: डोक्याच्या शब्दात दोन निर्देशांक बसवले आहेत, त्यातला एक ‘चोरी चालू आहे’ हे सांगतो. रांग भरलेली आणि चोरी चालू असं दिसलं, तर मालक अर्धी रांग न हलवता फक्त ते एक नवं टास्क ग्लोबल रांगेत टाकतो, कारण जागा आता होणारच आहे. विचार चांगला आहे, उचलण्यासारखा.

चोराच्या बाजूने एक गोष्ट राहते. तो अर्धी रांग आणून स्वतःच्या रांगेत ठेवतो. तिथे आधीच काम असेल तर चोरीमुळेच ओव्हरफ्लो होईल. स्वतःची रांग रिकामी असतानाच चोरी करा, किंवा निम्म्याहून अधिक भरलेली असेल तर परत फिरा.

६. हलवलेलं काम परत आणा

ग्लोबल रांगेत टाकलेलं काम तिथेच कुजू शकतं. दोन टास्क एकमेकांना आळीपाळीने जन्म देत राहिली तर स्थानिक रांग कधीच रिकामी होत नाही, आणि ‘स्थानिक संपलं की ग्लोबल पाहू’ असा नियम असेल तर ती वेळच येत नाही. म्हणून गोचा शेड्यूलर दर ६१ व्या फेरीला आधी ग्लोबल रांग पाहतो. ६१ ही मूळ संख्या आहे. प्रोग्रामच्या स्वतःच्या लयीशी तिची गाठ पडण्याची शक्यता कमी. तुमच्याकडे ६४ आणि प्रोग्राम ८-८ च्या गटांत काम करणारा, असं असेल तर प्रत्येक वेळी एकाच प्रकारच्या टास्कला उशीर होत राहील.

एका वेळी किती आणायची? ग्लोबल रांगेची लांबी भागिले वर्करची संख्या, अधिक एक. पण स्थानिक रांगेच्या निम्म्यापेक्षा जास्त कधीच नाही. ही वरची मर्यादा विसरलात, तर आणलेलं काम लगेच परत ओसंडतं आणि तीच टास्क दोन रांगांमध्ये हेलपाटे घालत बसतात. लॉकवर वेळ जातो, काम होत नाही.

आणखी एक: जुनी अर्धी रांग ग्लोबल रांगेच्या शेवटाला गेली, म्हणजे ज्यांनी सर्वाधिक वाट पाहिली त्यांनाच पुन्हा मागे उभं केलं. वापरणाऱ्यांना क्रमाची हमी देऊ नका. आणि उशीर मोजताना सरासरीवर समाधान मानू नका, सर्वात उशिरा चाललेली एक टक्का टास्क पाहा. ओव्हरफ्लोचा फटका तिथे दिसतो.

७. झोपलेल्यांना उठवा

काम हलवलं आणि कुणाला कळवलंच नाही, तर १२९ टास्क पडून आणि सात वर्कर झोपलेले असं चित्र दिसतं. हलवणाऱ्याने आधी काम टाकायचं, मग पूर्ण मेमरी फेन्स (आधीचं लिहिणं-वाचणं आणि नंतरचं यांची अदलाबदल होऊ न देणारी सूचना), मग कुणी झोपलंय का पाहायचं. झोपणाऱ्याने आधी ‘मी झोपतोय’ अशी नोंद करायची, मग फेन्स, मग सगळ्या रांगा पुन्हा एकदा पाहायच्या, आणि तरीही काही नसेल तरच झोपायचं. दोघांपैकी एकाने जरी फेन्स गाळला, तर दोघेही एकमेकांना न पाहता निघून जाऊ शकतात.

सगळ्यांना एकदम उठवू नका. एकाला उठवा, त्याला काम सापडलं की तो पुढच्याला उठवेल. काम शोधत फिरणाऱ्यांची संख्या गोमध्ये कामात असलेल्या प्रोसेसरच्या निम्म्यावर रोखलेली असते, आणि ते प्रमाण सुरुवातीला चांगलं आहे.

८. ग्लोबल रांगेला मर्यादा घाला

मर्यादा अंदाजाने ठेवू नका, हिशेब करा. ८ वर्कर, एका टास्कला सरासरी २०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला ४०,००० टास्क उरकतात. टास्कने रांगेत ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबू नये असं ठरवलं, तर सगळ्या रांगा मिळून २००० टास्क पुरे. त्याहून जास्त साठवणं म्हणजे उशीर साठवणं.

ही मर्यादा दारावर लावा, आत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मूळ कामाला एक परवाना द्या, आणि ते काम त्याच्या सगळ्या उपटास्कसकट संपल्यावरच परवाना परत घ्या. रांगेतून बाहेर पडताच परत घेतलात, तर आत फांद्या फुटत राहतात आणि दार उघडंच राहतं. आतल्या वर्करने टाकलेलं टास्क मात्र नेहमी स्वीकारा. कारण पायरी ४ मध्ये आलंच आहे.

वाढती रांग वापरत असाल तर इथेच एक टीप. जुना अ‍ॅरे लगेच मोकळा करू नका, एखादा चोर अजून त्यातून वाचत असेल. सर्वात सोपा उपाय म्हणजे रांग नष्ट होईपर्यंत सगळे जुने अ‍ॅरे जपून ठेवणं. ६४, १२८, २५६, ५१२ यांची बेरीज ९६०, म्हणजे चालू १०२४ पेक्षा कमीच. खर्च कधीही दुपटीच्या वर जात नाही.

९. ओव्हरफ्लो मुद्दाम घडवून चाचणी घ्या

चाचणीच्या बिल्डमध्ये रांगेचा आकार ४ करा. आता जवळजवळ प्रत्येक टास्कला ओव्हरफ्लोचा मार्ग लागतो आणि एरवी वर्षात एकदा दिसणारी चूक मिनिटभरात दिसते. त्यासाठी १२८ सारखे आकडे कोडमध्ये थेट लिहिलेले नसावेत. आकारावरून काढलेले असावेत.

दोन्ही निर्देशांकांची सुरुवात शून्याऐवजी कमाल मूल्याच्या दहा आधी करा, म्हणजे गुंडाळणं पहिल्याच क्षणी तपासलं जाईल.

प्रत्येक टास्कला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाचा अ‍ॅटॉमिक काउंटर टास्क चालताना वाढवा. शेवटी प्रत्येक काउंटर नेमका १ हवा. शून्य दिसलं तर टास्क हरवलं, २ दिसलं तर दोनदा चाललं. ‘एकूण बेरीज बरोबर आली’ एवढ्यावर विसंबू नका. एक हरवलं आणि एक दोनदा चाललं तरी बेरीज बरोबरच येते.

हीच चाचणी आर्मवर चालवा. एक्स-८६ प्रोसेसर लिहिण्याचा क्रम बराच सांभाळतो, त्यामुळे रिलीज-अ‍ॅक्वायर विसरलेलं तिथे झाकून जातं. आर्म ते सांभाळत नाही. थ्रेड सॅनिटायझर वापराच, पण स्वतंत्र मेमरी फेन्स त्याला नीट समजत नाहीत हे ध्यानात ठेवून त्याच्या तक्रारी वाचा.

शेवटी शेड्यूलर बंद करण्याची चाचणी: ग्लोबल रांगेत काम असताना बंद करा, आणि टाकलेली टास्क म्हणजे चाललेली अधिक रद्द झालेली हा हिशेब जुळतो का पाहा. न जुळल्यास आधी पायरी ५ मधला चौथा मुद्दा तपासा: कम्पेअर-अँड-स्वॅप फसल्यावर पहिल्यापासून सुरुवात करताना हातातलं नवं टास्क तिथेच सुटलेलं असतं.